तेरा दिवसांचे पोप आणि दिवस मोजायची रीत

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये सामान्यज्ञानाच्या ज्या वह्या हातोहात फिरतात, त्यांत या दोन ओळी हमखास सापडतात. ‘सर्वांत कमी काळ पोप : सातवे अर्बन, १३ दिवस.’ आणि ‘विसाव्या शतकातले सर्वांत कमी काळाचे पोप : पहिले जॉन पॉल, ३३ दिवस.’ सुट्या सुट्या पाठ करायला हरकत नाही. शेजारी शेजारी ठेवल्या की मात्र गडबड होते, कारण एकीत दोन्ही टोकं धरली आहेत आणि दुसरीत एकच.

हिशेब करून बघा. अर्बन १५ सप्टेंबर १५९० रोजी निवडून आले आणि २७ सप्टेंबरला गेले. २७ वजा १५, उरले १२. निवडीचा आणि मृत्यूचा, दोन्ही दिवस धरले तर १३. जॉन पॉल २६ ऑगस्ट १९७८ रोजी निवडून आले आणि २८ सप्टेंबरच्या रात्री गेले. ऑगस्टचे उरलेले ५ आणि सप्टेंबरचे २८ मिळून ३३. दोन्ही टोकं धरली तर ३४. तेव्हा एक तर ‘१२ आणि ३३’ म्हणा, नाहीतर ‘१३ आणि ३४’. प्रचलित जोडी ‘१३ आणि ३३’ आहे आणि प्रश्नपत्रिकेतही तीच येते, म्हणून उत्तर तेच लिहायचं. पण दोघांमधला फरक काढायला सांगितला, तर २० लिहू नका. तो २१ आहे.

दोन्ही टोकं धरायची रीत आपल्याला नवी नाही. दहावा आपण असाच काढतो. निधन सोमवारी झालं तर तो सोमवार पहिला, आणि दहावा येतो पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. त्यात कुणी ‘दहा दिवस मिळवून’ गुरुवार काढत नाही. पोपांच्या याद्या बनवणाऱ्यांनी मात्र कधी दहाव्यासारखं मोजलं, कधी सरळ वजाबाकी केली, आणि पुढच्यांनी दोन्हींतले आकडे उचलून एकाच तक्त्यात भरले. तिसरे पायस २२ सप्टेंबर ते १८ ऑक्टोबर १५०३. अकरावे लिओ १ ते २७ एप्रिल १६०५. दोघांचाही काळ वजाबाकीने २६ आणि टोकं धरून २७ येतो, तंतोतंत सारखा. तरी एखाद्या यादीत पायस २६ आणि लिओ २७ असं छापलेलं दिसतं आणि पायसांचा क्रमांक उगाच एक पायरी वर जातो. चौथे सेलेस्टाइन (२५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर १२४१) १६ किंवा १७, दुसरे डॅमेसस (१७ जुलै ते ९ ऑगस्ट १०४८) २३ किंवा २४. कुठल्याही यादीत पहिल्यांदा अर्बनसमोर १२ आहे की १३ ते बघायचं. तिथे यादीची रीत कळते. मग तीच रीत खालच्या नावांना लावून ताडायची. निम्म्या याद्या इथेच पडतात.

आता खरा घोळ. मोजायला सुरुवात कुठून करायची?

आजचा नियम साफ आहे. निवडून आलेला माणूस आधीच बिशप, म्हणजे चर्चमधला वरिष्ठ धर्मगुरू, असेल, तर ‘मान्य आहे’ म्हणताक्षणी तो पोप. बिशप नसेल तर आधी त्याला बिशपपदाची दीक्षा द्यायची. मुकुट, मिरवणूक, मोठी मिसा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) हे सगळं नंतरचं, त्यावर पद अवलंबून नाही. जुन्या काळी असं सरळ नव्हतं. पोप म्हणजे रोमचा बिशप, म्हणून सुरुवातीच्या शतकांत रोमच्या बिशपपदाची दीक्षा झाली तरच तो पोप. पुढे राज्याभिषेकाला महत्त्व आलं. पोपच्या दफ्तरातून निघणाऱ्या कागदांवर ‘आमच्या पोपपदाच्या अमुक वर्षी’ असं लिहीत, आणि ते वर्ष राज्याभिषेकाच्या दिवसापासून धरत.

मध्ययुगातल्या शिशाच्या मोहरेवर हे डोळ्यांनी दिसतं. पोपच्या फर्मानाला तागाच्या किंवा रेशमाच्या दोरीने शिशाची गोल चकती लटकवत. तागाची दोरी हुकूम आणि न्यायनिवाड्याच्या कागदाला, रेशमाची सवलत किंवा हक्क देणाऱ्या कागदाला. चकतीच्या एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला पोपचं नाव आणि क्रमांक. निवड झालेली आहे पण राज्याभिषेक व्हायचा आहे, अशा दिवसांत जे कागद निघत त्यांच्या चकतीवर फक्त या दोन संतांचे चेहरे दाबलेले असत. नावाची बाजू कोरी. तिला अर्धी मोहर म्हणत. अशा कागदात वर्षही राज्याभिषेकापासून नव्हे, ‘आम्ही हा भार स्वीकारल्यापासून’ असं मोजत. हुकूम चालत होता, गादीचं वर्ष मात्र सुरू झालेलं नव्हतं.

या घड्याळाने मोजलं तर सगळी यादी उलटीपालटी होते. तिसऱ्या पायसांचा राज्याभिषेक ८ ऑक्टोबर १५०३ ला झाला, म्हणजे ते दहा-अकरा दिवसांचेच पोप. आणि सातव्या अर्बनना मुकुट चढलाच नाही. त्यांची बेरीज शून्य.

याच भानगडीत एक स्टीफन पार हरवले. ७५२ च्या मार्चमध्ये स्टीफन नावाचे एक धर्मगुरू निवडून आले आणि तीन-चार दिवसांतच झटका येऊन गेले. दीक्षा झालेली नव्हती, म्हणून तेव्हाच्या लोकांनी त्यांना पोपांत धरलं नाही. पुढे ‘निवड म्हणजेच पद’ हा विचार रुजल्यावर त्यांना मागाहून यादीत घेतलं आणि दुसरे स्टीफन म्हटलं. व्हॅटिकनच्या अधिकृत वार्षिकीत ते १९६० पर्यंत होते, १९६१ पासून वगळले. परिणाम असा की त्यांच्या पाठीमागच्या प्रत्येक स्टीफनला दोन क्रमांक चिकटले, दुसरे किंवा तिसरे इथपासून नववे किंवा दहावे इथपर्यंत. जुन्या पुस्तकातले तिसरे स्टीफन नव्या पुस्तकात दुसरे असतात. माणूस तोच आहे का हे सनावरून बघायचं, क्रमांकावर विसंबायचं नाही. ‘सर्वांत कमी काळ’ या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे स्टीफन आता चालत नाहीत. १९६१ च्या आधी छापलेल्या पुस्तकावरून कुणी वाद घातला, तर त्याचा पाया हा असतो.

तिसरी अडचण दिवस कुठे सुरू होतो याची. सोळाव्या शतकातल्या रोममध्ये तास सूर्यास्तापासून मोजत. ‘रात्रीचा तिसरा तास’ म्हणजे पहाटेचे तीन नव्हेत, दिवस मावळून तीन तास झाले ती वेळ. संध्याकाळी किंवा रात्री घडलेली गोष्ट मग एका नोंदीत आजच्या तारखेला तर दुसरीत उद्याच्या तारखेला पडू शकते. दुसऱ्या मार्सेलसांची निवड ९ एप्रिल १५५५ की १० एप्रिल, हा घोळही रात्र मध्ये आल्यानेच झालेला आहे. निवड ९ ला संध्याकाळी ठरली, दीक्षा आणि मुकुट १० ला. मृत्यू १ मे. कुठे २२ दिवस, कुठे २३ असं वाचाल, दोन्हींना आधार आहे.

आपल्याकडे अर्बनांच्याच वर्षी दिवस उलट्या टोकाकडून, सूर्योदयापासून मोजत होते. १५९० मध्ये खान्देशावर फारुकी राजा अली खानाचं राज्य होतं आणि राजधानी बुऱ्हाणपूर. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, आणि त्यात काळ पंचांगाच्या पद्धतीने दिलाय : विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष शुद्ध पक्ष, सोमवार, सोबत घटकांचा हिशेब. घटका सूर्योदयापासून. वार बदलतो तोही सूर्योदयाला. मशिदीत संस्कृत आणि त्यात नक्षत्र-घटका, हे बघायला तरी बुऱ्हाणपूरला जावंच. भुसावळहून गाडीने फार वेळ लागत नाही.

या लेखाची इंग्रजी तारीख पुस्तकांत ५ जानेवारी १५९० अशी मिळते. अर्बन १५ सप्टेंबर १५९० ला निवडून आले. दोन्ही तारखा एकाच वर्षातल्या, म्हणून मधले दिवस मोजायला बसलात तर दहा दिवसांनी चुकाल. शिलालेखाची तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेत काढलेली आहे. रोमने मात्र १५८२ मध्येच ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरून कालगणना बदलली होती. रोमच्या हिशेबात बुऱ्हाणपूरचा तो सोमवार १५ जानेवारी १५९० ला येतो. खातरजमा वारावरून करायची, कारण ती कालगणना बदलताना तारखा उडाल्या, वारांची साखळी तुटली नाही. १५ जानेवारी सोमवार धरून पुढे २४३ दिवस मोजा. सातने भागून बाकी ५ उरते, म्हणजे १५ सप्टेंबर शनिवार आणि २७ सप्टेंबर गुरुवार. ५ जानेवारीपासून मोजलं असतं तर २५३ दिवस, बाकी १, आणि वार मंगळवार निघाला असता. चूक इथेच पकडता येते.

हाच धागा धरून तिथी काढली तर अर्बनांची सगळी कारकीर्द शके १५१२ च्या भाद्रपद वद्य पक्षात बसते. पौर्णिमेनंतर सुरू, अमावास्येच्या आधी समाप्त. म्हणजे इकडे तापीकाठी पितरांची पानं वाढली जात होती, त्या पंधरवड्यात तिकडे एक पोप झाला आणि गेलाही.

माणूस कोण होता? जोव्हानी बात्तिस्ता कास्तान्या. जन्म रोममध्येच, ४ ऑगस्ट १५२१. रोसानोचे आर्चबिशप, मग स्पेनमध्ये आणि व्हेनिसमध्ये पोपचे वकील (राजदूत), १५८३ मध्ये कार्डिनल, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी एक. म्हणजे कुणी अडगळीतला म्हातारा उचलून बसवलेला नव्हता, राजकारण पुरतं जाणणारा मुरब्बी होता. आधीचे पाचवे सिक्स्टस २७ ऑगस्टला तापानेच गेले होते. त्यांनी इमारती, पाण्याचे नळ, रस्ते यांचा धडाका लावलेला, आणि त्याच सुमारास शहरात धान्याची टंचाई. अर्बननी लगेच हात घातला तो भाकरीला. रोमच्या बेकऱ्यांना पाव मोठा करा आणि स्वस्त विका असं सांगितलं, त्यांचं होणारं नुकसान आपल्या पदरचं भरून द्यायचं ठरवलं. शहरातल्या गरिबांची यादी करायला लावली. सिक्स्टसांची अर्धवट बांधकामं पुरी करायचा हुकूम दिला, त्यात मजुरांना काम मिळावं हा हेतू. खासगीतल्या सेवकांना रेशमी कपडे बंद. नातेवाइकांना पदं वाटायची नाहीत, हे तर त्या काळी अंमळ अवघडच. स्वतःची ३०,००० स्कुदी (तिथलं नाणं) एवढी मालमत्ता गरीब मुलींच्या लग्नाच्या हुंड्यासाठी एका धर्मसंघाला लिहून दिली. आज हुंडा म्हटलं की आपल्या कपाळावर आठी येते, पण त्या रोममध्ये हुंड्याविना मुलीचं लग्न होत नव्हतं आणि असे निधी हे दानधर्माचं नेहमीचं रूप होतं.

हे सगळं अंथरुणातून. निवडीच्या दुसऱ्याच रात्री ताप भरला. हिवताप. इथे थोडं वैद्यकाचं बघू. रोममध्ये ऑगस्ट-सप्टेंबर हा हिवतापाचा हंगाम. आसपासच्या दलदलीत आणि तायबर नदीच्या सखल काठावर डास माजायचे. चावल्यापासून ताप यायला जीवघेण्या प्रकारच्या हिवतापात साधारण एक ते दोन आठवडे लागतात. कार्डिनल ८ सप्टेंबरला निवडणुकीसाठी कोंडून घेतले गेले आणि निकाल १५ ला लागला. म्हणजे डास चावला तो एक तर आत बसल्यावर सुरुवातीला, नाहीतर त्याच्याही आधी. पोपपदाने त्यांना मारलं असं म्हणण्यापेक्षा, मतं पडली तेव्हाच ताप रक्तात होता असं म्हणणं बरोबर. अर्बनना क्विरिनालच्या टेकडीवरच्या वाड्यात, उंच हवेत जायचं होतं. पण राज्याभिषेकाआधी पोपने शहरातून दिसायचं नाही अशी वहिवाट आडवी आली, आणि ते सखल भागातल्या व्हॅटिकनमध्येच राहिले. हिवतापावरचं औषध, सिंकोनाची साल, युरोपात पोहोचायला अजून काही दशकं होती. सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाळ्यानंतरची थंडी-तापाची साथ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कोरड्या उंच जागेवर जायची ती धडपड वेगळी समजवायला नको.

त्यानंतर काय झालं तेही बघण्यासारखं आहे. पुढची निवडणूक ८ ऑक्टोबरला सुरू झाली ती ५ डिसेंबरला संपली. आलेले चौदावे ग्रेगरी १६ ऑक्टोबर १५९१ ला गेले. मग नववे इनोसंट, २९ ऑक्टोबर ते ३० डिसेंबर १५९१. अखेर ३० जानेवारी १५९२ ला आठवे क्लेमंट आले तेव्हा कुठे गादी स्थिरावली. दीड वर्षाच्या आत चार निवडणुका. दरवेळी गादी रिकामी, धान्यखरेदीचे आणि दरोडेखोरांच्या बंदोबस्ताचे निर्णय लटकलेले.

इतक्या कमी काळाचे पोप येतात कुठून? बहुतेकदा निवडणुकीतूनच. दोन गट तुल्यबळ असले आणि दोन-तृतीयांश मतं कुणालाच जमेनात, की वयस्कर, आजारी, कुणालाच फार न खुपणारा माणूस पुढे केला जातो. तिसरे पायस असेच. पायाला जखम, संधिवात, राज्याभिषेकाचे विधीही धड उभं राहून झाले नाहीत. त्याहून जुनं उदाहरण सिसिनियस, १५ जानेवारी ते ४ फेब्रुवारी ७०८. हाताला संधिवात इतका की घास स्वतःच्या तोंडात घालता येत नसे. आणि या माणसाने वीस दिवसांत केलं काय, तर रोमच्या तटबंदीच्या डागडुजीसाठी चुन्याच्या भट्ट्या लावायला सांगितल्या. माझ्या मते या सगळ्या यादीत हा सर्वांत व्यवहारी पोप. भिंत बांधायची तर आधी चुना हवा, एवढं त्याला ठाऊक होतं.

चौथ्या सेलेस्टाइनांच्या वेळी तर निवडणुकीनेच जीव घेतला. १२४१ च्या उन्हाळ्यात रोमचा सिनेटर मात्तेओ रोसो ओर्सिनी याने दहा-बारा कार्डिनलांना सेप्टिझोडियम नावाच्या पडक्या रोमन इमारतीत कोंडलं. उकाडा, घाण, पहारेकऱ्यांचा जाच. त्यातच एक इंग्रज कार्डिनल दगावला. निवडून आलेले सेलेस्टाइन आधीच खंगलेले, तेही पंधरवड्यानंतर गेले. बाकीच्यांनी शहाणपणाने रोमच सोडलं, आणि पुढचा पोप मिळायला जून १२४३ उजाडला.

पहिल्या जॉन पॉलांचा प्रकार वेगळा. अल्बिनो लुचियानी, व्हेनिसचे प्रमुख धर्मगुरू, वय ६५, चौथ्याच फेरीत निवड. पोप निवडला की धुराड्यातून पांढरा धूर सोडतात, नाही जमलं तर काळा. तो मात्र आधी पांढरा, मग करडा-काळा असा निघाला आणि चौकातले लोक बुचकळ्यात पडले. त्यांनी मुकुट नाकारला, ३ सप्टेंबरला साध्या मिसेने सुरुवात केली. राज्याभिषेकापासून मोजायचं घड्याळ तिथेच कायमचं बंद पडलं, पुढच्या कुणीही तो पुन्हा घातला नाही. मृत्यूनंतर व्हॅटिकनने पहिल्या निवेदनात सांगितलं की सचिवाला ते मृतावस्थेत आढळले. प्रत्यक्षात सकाळी आधी गेल्या होत्या त्या एक नन. स्त्री पोपच्या शयनगृहात गेली हे सांगायचा संकोच, त्यात शवविच्छेदन नाही. एवढ्या दोन गोष्टींवर विषप्रयोगाच्या कहाण्यांचा डोलारा आजतागायत उभा आहे. हृदयविकार हेच कारण पटतं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. मिसेच्या प्रार्थनेत पोपचं नुसतं नाव घेतात, क्रमांक घेत नाहीत. त्यामुळे भुसावळच्या रेल्वे वस्तीतल्या चर्चपासून रोमपर्यंत त्या १९७८ मध्ये प्रार्थनेत आधी पॉल (सहावे), मग गादी रिकामी म्हणून नाव गाळून, मग जॉन पॉल, पुन्हा गाळून, आणि १६ ऑक्टोबरनंतर परत जॉन पॉल, या वेळी दुसरे.

तंबाखूची गोष्ट राहिली. सातव्या अर्बननी चर्चमध्ये तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याला बहिष्कृत करण्याची धमकी दिली, जगातली पहिली तंबाखूबंदी त्यांचीच, असं जिथे तिथे छापलेलं असतं. विडी-तंबाखूचा विषय, त्यामुळे आपल्याकडच्या वह्यांत तर ठळक अक्षरांत. मला ते पक्कं वाटत नाही. तापाने फणफणलेल्या तेरा दिवसांच्या माणसाचं ते काम दिसत नाही. नीट कागदोपत्री सापडणारी बंदी १६४२ ची आहे, स्पेनमधल्या सेव्हिल धर्मप्रांतातल्या चर्चसाठी, आणि ती आठव्या अर्बनांची. तेही अर्बनच, पण १६२३ ते १६४४ असे एकवीस वर्षं गादीवर होते. परीक्षेत पर्यायांत दोघेही दिले असतील तर आधी साल बघा.